झाकावे, खोडू नये



आपल्या व्यापारी कुटुंबांत अलीकडे एक नवे काम घरातच होऊ लागले आहे. क्षमापनेची किंवा क्षमावाणीची पत्रिका, वर्षीतपाच्या पारण्याचे निमंत्रण, दुकानातील नव्या मालाची चित्रे, दिवंगत वडीलधाऱ्यांच्या पुण्यतिथीची जाहिरात, या सर्वांसाठी पूर्वी छापखाना आणि फोटो स्टुडिओ यांच्याकडे जावे लागे. आता घरातील मुलगा, सून किंवा नातवंडे संगणकावर बसून हे काम तासाभरात उरकतात. वेळ वाचतो, पैसा वाचतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या घाईत कधी कधी असे काही हातचे जाते, की जे पैशाने पुन्हा मिळत नाही. म्हणून चित्र-संपादनातील दोन साधनांची, म्हणजे लेअर आणि क्लिपिंग मास्क यांची, ओळख आज या सदरात करून घेऊ. ही साधने केवळ चित्रकारांची आहेत, असा समज करून घेऊ नये. त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या माणसाला चित्रकारापेक्षाही लवकर उमगेल.

ते तत्त्व असे. कीर्दीत एखादी रक्कम चुकीच्या खात्याला लिहिली गेली, तर जाणता मुनीम ती खोडत नाही, पुसत नाही, पान तर मुळीच फाडत नाही. तो दुरुस्तीची वेगळी नोंद करतो. मूळ नोंद जागेवर राहते, दुरुस्तीही दिसते, आणि दोन्ही मिळून खरी शिल्लक निघते. बँकेतही हाच शिरस्ता असतो. चुकलेली नोंद उलट नोंदीने रद्द होते, ती अदृश्य होत नाही. खाडाखोड केलेल्या वहीवर विश्वास का बसत नाही, हे आपल्या समाजाला सांगण्याची आवश्यकता नाही. संगणकावरील चित्रालाही हीच शिस्त लावता येते, आणि ती लावण्याचे साधन म्हणजे लेअर.

लेअर म्हणजे थर. काचेच्या चार-पाच पारदर्शक तावदानांची चळत डोळ्यांसमोर आणावी. सर्वांत खालच्या काचेवर मूळ छायाचित्र आहे, दुसरीवर मजकूर, तिसरीवर वेलबुट्टीची किनार. वरून पाहणाऱ्याला एकच सलग चित्र दिसते. पण किनार नको वाटली, तर ती काच तेवढी उचलता येते, आणि खालच्या छायाचित्राला धक्काही लागत नाही. संगणकाच्या पडद्यावर या थरांची यादी एका बाजूच्या पट्टीत दिसते. प्रत्येक थरासमोर डोळ्याचे चिन्ह असते. ते दाबले की तो थर लपतो, पुन्हा दाबले की प्रकट होतो.

ही कल्पना छपाईच्या व्यवसायाला नवी नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथील रंगीत चित्रे शिळाछापाने निघत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे, आणि तोच कागद एकामागून एक दगडांवरून फिरला की लक्ष्मी किंवा सरस्वती पूर्ण रंगांत उमटे. लाल रंगात दोष निघाला तर लाल रंगाचा दगड दुरुस्त करायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. म्हणजे थर वेगवेगळे ठेवण्याची पद्धत जुनीच आहे, संगणकाने ती घराघरांत आणली एवढेच.

संगणकालाही ती पहिल्या दिवसापासून अवगत नव्हती. फोटोशॉप ही प्रणाली १९९० साली बाजारात आली, पण तिच्यात लेअरची सोय झाली ती १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. तोवर एका चित्रावर दुसरे चिकटवले आणि पक्के केले, की खालचा भाग कायमचा जाई. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत आणखी एक भर पडली, ती ॲडजस्टमेंट लेअरची. या थरावर चित्र नसतेच, केवळ सूचना असते. ‘खालचे चित्र थोडे उजळ दाखव’, ‘पिवळेपणा कमी कर’, अशा स्वरूपाची ती सूचना. थर काढला की सूचना संपली आणि चित्र पूर्ववत. मुनिमाची दुरुस्तीची नोंद आणि हा थर यांत मला तरी फरक दिसत नाही.

आता क्लिपिंग मास्क. जुन्या छायाचित्रांभोवती जाड पुठ्ठ्याचा माउंट असे आणि त्यात लंबगोल खिडकी कापलेली असे. त्या खिडकीतून आजोबांचा चेहरा आणि फेटा दिसे. पण चौकट उघडून पुठ्ठा दूर केला, की खाली पूर्ण छायाचित्र निघे. कडेला उभे असलेले धाकटे भाऊ, खुर्चीचा हात, स्टुडिओचा रंगवलेला पडदा, सारे जिथल्या तिथे. स्टुडिओवाल्याने छायाचित्र कापलेले नसे, झाकलेले असे. क्लिपिंग मास्क नेमके हेच करतो. खालच्या थरावरील आकार ही खिडकी, आणि वरच्या थरावरील छायाचित्र त्या खिडकीपुरतेच दिसते. आकाराबाहेरचा भाग नष्ट होत नाही, नुसता दिसेनासा होतो.

कृती सोपी आहे. फोटोशॉप विकत घेतलेले नसेल तर फोटोपी नावाची प्रणाली इंटरनेटवर ब्राउझरमध्ये विनामूल्य उघडते, आणि तिची रचना फोटोशॉपसारखीच आहे. क्षमापनेच्या पत्रिकेचे उदाहरण घेऊ.

प्रथम पाच इंच रुंद आणि सात इंच उंच असा नवा कागद उघडावा. छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे सूक्ष्म ठिपके, ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणून हा कागद १५०० गुणिले २१०० पिक्सेलचा होईल. त्यावर लंबगोल काढण्याच्या साधनाने एक आकार काढावा. तो आपोआप स्वतंत्र थरावर येतो. त्या थराला ‘खिडकी’ असे नाव द्यावे. नंतर कुटुंबाचे छायाचित्र ‘प्लेस’ या आज्ञेने आत आणावे. ते खिडकीच्या वरच्या थरावर बसले आहे, याची खात्री करावी. आता कळफलकावरील आल्टची कळ दाबून धरून, थरांच्या यादीत या दोन थरांमधील रेषेवर एकदा क्लिक करावे. कळफलकावरूनच करायचे असल्यास छायाचित्राचा थर निवडून कंट्रोल, आल्ट आणि जी या तीन कळा एकत्र दाबल्या तरी चालते. त्या क्षणी छायाचित्र लंबगोलात जाऊन बसते, आणि यादीत त्या थराच्या बाजूला खाली वळलेला छोटा बाण दिसू लागतो. बाण दिसला, म्हणजे वरचा थर खालच्याच्या आधीन झाला असे समजावे.

यानंतरची सोय पाहण्यासारखी आहे. छायाचित्र सरकवले तरी खिडकी हलत नाही. कोणाचे डोके कापले जात असेल तर छायाचित्र थोडे खाली ओढावे, काम झाले. पुढल्या वर्षी घरात नवी सून आली, नातू जन्मला, तर खिडकी, मजकूर, किनार तशीच ठेवून फक्त छायाचित्र बदलावे. दुकानाच्या मालाची सूची करणाऱ्यांना तर याचा मोठा उपयोग आहे. सारख्या आकाराच्या वीस खिडक्या एकदा आखून ठेवल्या, की दर हंगामात नव्या मालाची चित्रे त्यांत बसवता येतात आणि सूचीची मांडणी बिघडत नाही.

छायाचित्र काळवंडलेले असेल, तर त्याच्या वर ॲडजस्टमेंट लेअर ठेवून त्यालाही त्याच रीतीने खालच्या थराशी बांधावे. तसे न केल्यास तो थर आपल्या खालच्या सगळ्याच थरांना उजळवतो. पत्रिकेची पार्श्वभूमी फिकी पडते आणि नेमके काय बिघडले ते कळत नाही.

नवशिक्यांना येणाऱ्या अडचणी बहुधा तीनच असतात. पहिली, थरांचा क्रम उलटा असतो, म्हणजे आकार वर आणि छायाचित्र खाली. दुसरी, खालच्या थरावर सर्वत्र रंग भरलेला असतो. खिडकीबाहेरचा भाग पारदर्शक नसेल तर झाकायचे कोणते आणि दाखवायचे कोणते, हे संगणकाला कळणार कसे? तिसरी, खिडकीचाच थर अर्धपारदर्शक केलेला असतो. त्यामुळे तिला बांधलेले छायाचित्रही फिके दिसते. या तीन गोष्टी तपासल्या, की दहापैकी नऊ वेळा गाडी मार्गावर येते.

क्लिपिंग मास्कचा एक सख्खा भाऊ आहे, लेअर मास्क. यात खिडकी खालच्या थराकडून उसनी घ्यायची नसते. त्या थरालाच एक करड्या छटांचा पडदा जोडायचा असतो. पडद्यावर जेथे काळा रंग फिरवावा तेथे चित्र झाकले जाते, जेथे पांढरा तेथे प्रकट होते, आणि करड्या रंगाने ते अंधूक दिसते. काळा जास्त फिरला तर पांढऱ्याने परत आणता येते. ठरीव आकारासाठी क्लिपिंग मास्क, आणि केस, पदर, झाडाची पाने अशा वेड्यावाकड्या कडांसाठी लेअर मास्क, एवढा विवेक ठेवला तरी पुरे.

कर्मसिद्धांताचा अभ्यास केलेल्या वाचकांना येथे ज्ञानावरणीय कर्माचा दृष्टांत आठवेल. त्या कर्माला शास्त्रकारांनी पटाची, म्हणजे वस्त्राची, उपमा दिली आहे. वस्त्राने झाकलेली वस्तू दिसत नाही, पण ती नाहीशी झालेली नसते. आत्म्याचे ज्ञान असेच आवृत होते, नष्ट होत नाही, आवरण दूर झाले की ते प्रकट होते. आठ कर्मांच्या दृष्टांतांत नामकर्माला तर चित्रकाराचीच उपमा आहे. संगणकातील साधनाला धर्मतत्त्वाची थोरवी देण्याचा हेतू नाही. परंतु ‘झाकणे’ आणि ‘नष्ट करणे’ यांतील भेद आपल्या परंपरेने किती बारकाईने जाणला होता, हे लक्षात घेतले तर मास्क म्हणजे काय, हे धाकट्या पिढीला समजावणे सोपे जाईल.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. अनेक घरांत आजोबा-पणजोबांचे एकच छायाचित्र शिल्लक असते. कडा झिजलेल्या, मध्ये घडीची रेघ, कोपऱ्यात ओलीचा डाग. घरातील उत्साही तरुण ते मोबाईलने टिपतो, डाग काढतो, पार्श्वभूमी पुसून निळे आकाश घालतो, चेहरा गुळगुळीत करतो, आणि त्याच नावाने पुन्हा साठवून ठेवतो. चित्र देखणे होते खरे, पण वडीलधारी मंडळी म्हणतात, “हे आपल्या बाबांसारखे दिसत नाहीत रे.” तोवर मूळ चित्र त्याच फाइलखाली गाडले गेलेले असते, आणि कागदाची प्रत ‘आता संगणकात आहे’ म्हणून रद्दीत गेलेली असते. कपाळावरचा व्रण, टोपीची ठेवण, मागची दुकानाची अर्धवट पाटी, हे सारे डाग नव्हते. तो घराण्याचा इतिहास होता.

हे टाळण्याची रीत अशी. छायाचित्र शक्यतो स्कॅनरवर ६०० डीपीआयने स्कॅन करावे. दोन इंच गुणिले तीन इंचांच्या लहान छायाचित्राचे त्यातून १२०० गुणिले १८०० पिक्सेल मिळतात, आणि ते चार गुणिले सहा इंचांत उत्तम छापता येते. हा स्कॅन उघडल्यावर त्या थराला ‘मूळ’ हे नाव द्यावे आणि कुलपाच्या चिन्हाने तो बंद करावा. डाग आणि रेघा काढायच्या त्या वरच्या कोऱ्या थरावर. दुरुस्तीच्या ब्रशला खालच्या थरांतूनही नमुना घेण्याची मुभा द्यावी, म्हणजे ठिगळ कोऱ्या थरावर बसते आणि मूळ चित्र अस्पर्श राहते. उजळपणा वेगळ्या थरावर, रंग वेगळ्या थरावर. डोळ्याचे चिन्ह मिटले की मूळ आणि दुरुस्त यांची तुलना क्षणात होते. ज्येष्ठांना दोन्ही दाखवावे, आणि ते म्हणतील तेवढाच डाग काढावा.

काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात रंग भरण्याची हौस आता फार वाढली आहे. रंगाचा थर वेगळा ठेवून तो भरावा, हरकत नाही. पण आजीच्या शालूचा रंग अंजिरी होता की डाळिंबी, हे करड्या छटेवरून कोणालाही सांगता येत नाही. म्हणून त्या थराचे नाव ‘रंग, अंदाजे’ असे ठेवावे. त्याचप्रमाणे हयात नसलेल्या व्यक्तीला आजच्या कौटुंबिक छायाचित्रात बसवले असेल, तर छापील प्रतीच्या मागे ‘जोडचित्र’ असे लिहून वर्ष घालावे. पन्नास वर्षांनी ते पाहणाऱ्या पणतूची दिशाभूल होऊ नये.

पत्रिका करताना आणखी एक भान ठेवावे. ‘क्षमापना’ किंवा ‘महोत्सव’ या अक्षरांच्या आकारात छायाचित्र भरण्याची टूम क्लिपिंग मास्कमुळे सोपी झाली आहे. अक्षरांचा थर खाली, छायाचित्र वर, की झाले. परंतु त्या अक्षरांत जिनप्रतिमा भरली तर अक्षराच्या वळणाने मुखच छेदले जाते, आणि ती पत्रिका चार दिवसांनी कोणाच्या पायाखाली येईल हे सांगता येत नाही. ही आशातना जाणूनबुजून कोणी करत नाही, पण साधन सोपे झाले की ती नकळत घडते. शिखर, तोरण, कमानीवरील नक्षी यांची छायाचित्रे अक्षरांत तितकीच शोभतात.

शेवटचा मुद्दा व्यापाराचा. मालाच्या चित्रामागची अडगळ काढून पांढरी पार्श्वभूमी घालणे, ही दुकान झाडून माल मांडण्यासारखी गोष्ट आहे, त्यात गैर काही नाही. परंतु साडीच्या थरावर बांधलेला ॲडजस्टमेंट लेअर साडीच्या रंगालाच बदलू लागला, की प्रश्न उभा राहतो. दिव्याच्या प्रकाशाने आलेला पिवळेपणा काढून खरा रंग दाखवणे ही दुरुस्ती. फिका रंग गडद करणे किंवा जरीला नसलेली चमक देणे ही दुसरीच गोष्ट. कसोटी सोपी आहे. साडी पडद्याशेजारी धरावी, आणि चित्र साडीकडे सरकले की साडीपासून दूर गेले, ते पाहावे.

कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांत मालाची वर्णने आणि चित्रे प्रत्यक्ष मालाशी जुळणारी असावीत अशी अपेक्षा आहे, आणि जाहिरातीत दाखवलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. पण आपल्यासाठी कायदा ही दुसरी पायरी आहे. तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबर ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, म्हणजे हलकी वस्तू चांगलीसारखी भासवून विकणे. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख तयार करणे, आहे. त्या काळी संगणक नव्हता, पण माणसाचे मन हेच होते.

मोठ्या संस्थांनाही हा मोह आवरत नाही. नॅशनल जिओग्राफिक या विख्यात अमेरिकन मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर इजिप्तचे पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकवले. कारण एवढेच, की आडवे छायाचित्र उभ्या पानावर बसत नव्हते. त्यावर बरीच टीका झाली. पिरॅमिड खोटे नव्हते, छायाचित्रही खरेच होते, तरी वाचकांचा विश्वास दुखावला. विश्वास हेच ज्यांचे भांडवल, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

काम संपल्यावर चित्र साठवण्याचाही नियम आहे. जेपेग या प्रकारात थर राहत नाहीत, सारे एकजीव होऊन जातात, आणि उघडून पुन्हा साठवताना दर वेळी चित्राची थोडी झीज होते. म्हणून पीएसडी ही थरांसह असलेली प्रत आपली खतावणी, आणि जेपेग ही पाठवण्यापुरती पावती, असे समजावे. पावती दिली म्हणून कोणी खतावणी फाडत नाही. फाइलींच्या नावांत ‘मूळ’, ‘दुरुस्त’ आणि ‘छपाई’ असे शब्द घालावेत. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले तर ते आकसते, म्हणून छापखान्याला पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. मूळ स्कॅनच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात, एक घरी आणि एक दुकानी. आणि कागदाचे छायाचित्र, ते कितीही जीर्ण असले तरी, टाकू नये.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो. यंदा त्या दिवशी घरातील सर्व पिढ्यांनी एकत्र बसून जुनी छायाचित्रे काढावीत, तरुणांनी ती स्कॅन करावीत, आणि ज्येष्ठांनी त्यांतील माणसांची नावे, गाव आणि आठवेल तसे वर्ष सांगावे. ती नावे एका वेगळ्या थरावर लिहून ठेवावीत. हा थर छपाईच्या वेळी लपवता येईल, पण फाइलीत मात्र कायम राहील. चेहरा दुरुस्त करणारे हात पुढेही मिळतील, नाव सांगणारी माणसे मात्र दर वर्षी कमी होत जातात.

जय जिनेंद्र.